काळ्या तबकडीवरची तीन पांढरी वर्तुळे

पुण्यातल्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जुनी तबकडी रंगवून मागणारी गिऱ्हाइके नवीन नाहीत. परंतु गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी वडिलांचे म्हणून जे घड्याळ पुढे ठेवले, ते पाहून मी हातातले काम बाजूला सारले. काळी तबकडी, तिच्यावर तीन पांढरी वर्तुळे आणि कडेला दोन बटणे असलेला तो १९६०च्या दशकातला स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे वेळेबरोबरच स्टॉपवॉचसारखी मोजणीही करणारे घड्याळ होते. पांढऱ्यावर काळी वर्तुळे असली की संग्राहक त्याला ‘पांडा’ म्हणतात. हा त्याच्या उलट, म्हणजे ‘रिव्हर्स पांडा’.

“काका, काळा रंग विटलाय, पांढरा पिवळा पडलाय. मुलाच्या लग्नात घालायचंय, रंगवून नव्यासारखं करून द्या,” ते म्हणाले.

मागचे झाकण उघडले, तर आत वालझू ७२ हे चावीचे मशीन निघाले. १९६३ साली आलेल्या रोलेक्सच्या पहिल्या ‘डेटोना’ या क्रोनोग्राफमध्येही याच मशीनची सुधारित आवृत्ती होती. तेल वाळले होते, एवढेच. मी गृहस्थांच्या हाती भिंग दिले आणि तबकडी दिव्याखाली तिरकी धरली. पांढरी वर्तुळे काळ्या पृष्ठभागापेक्षा केसभर खोल होती आणि त्यांत एकाभोवती एक अशा अतिशय बारीक रेषा कोरलेल्या होत्या; त्यामुळे तबकडी हलवली की त्यांच्यावर उजेड फिरे, काळा भाग मात्र निश्चल राही. रंगाचा एक हात दिला की त्या रेषा बुजणार, आणि मग उरणार तो नुसता काळा-पांढरा रंग.

ही रंगसंगती केवळ शोभेची नाही. एकाच रंगाच्या तबकडीवर सहा काटे फिरत असले, तर वेळ दाखवणारा कोणता आणि मोजणी करणारा कोणता, हे शोधावे लागते. इथे पांढऱ्या वर्तुळांत मोजलेली मिनिटे आणि तास हातभर अंतरावरूनही वेगळे दिसतात. मोटारशर्यतीत एक किलोमीटर ३० सेकंदांत कापले, तर कडेच्या टॅकीमीटरवर, म्हणजे वेगाच्या आकड्यांच्या पट्टीवर, ताशी १२० किलोमीटर वेग वाचता येतो. तिथे डोळ्यांना शोधाशोध परवडत नाही.

अमेरिकन अभिनेते आणि मोटारशर्यतपटू पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेली, आणि तिचीही तबकडी अशीच दुरंगी, पण फिकट पांढऱ्यावर काळ्या वर्तुळांची होती, हे सांगताच गृहस्थ सावरून बसले. आपले घड्याळ त्या जातकुळीचे असले तरी त्या भावाचे नाही, हे पटवण्यात बराच वेळ गेला!

तबकडीला हात न लावण्याचे ठरले. साफसफाई करून मी अ‍ॅक्रिलिकची जुनी काच बदलली, तेव्हा निम्मा पिवळेपणा त्या काचेचाच होता हे उघड झाले. वर्तुळे किंचित सायीच्या रंगाची राहिली, आणि ती तशीच शोभतात असे माझे स्पष्ट मत आहे. घड्याळ नेताना त्यांनी बटणांचा वापर विचारला. वरच्या बटणाने मोजणी थांबवल्याखेरीज काटे शून्यावर आणणारे खालचे बटण दाबू नका, हे मी त्यांना दोनदा बजावले.