तुम्ही विचारलंत म्हणून: रोम ख्रिस्ती झालं ते कॉन्स्टंटाइनमुळेच ना?

प्राचीन रोमचा इतिहास शिकवतो म्हटलं की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्म बदलला, मग प्रजेने बदलला, एवढंच ना? उत्तर देताना मी सुरुवात करतो ती बायकांच्या पायातल्या जोड्यांपासून.

१९ मे ३०३. ठिकाण उत्तर आफ्रिकेतलं सिर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं शहर. चर्च पाडा, धर्मग्रंथ जाळा, असं सम्राट डायोक्लेशियनचं फर्मान सुटलेलं. नगराचे अधिकारी ख्रिस्ती मंडळी जमत त्या घरी जप्तीला गेले आणि त्यांनी रीतसर पंचनामा केला. पुढे ३२० मध्ये एका चौकशीत तो पुरावा म्हणून वाचला गेला, म्हणून आपल्यापर्यंत पोचला. सोन्याचे पेले दोन, चांदीचे सहा, काही दिवे. आणि मग बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६. बायकांचे जोडे ४७, पुरुषांचे १३. 

देवघरात एवढे कपडे कशाला? गोरगरिबांना वाटायला ठेवलेले असणार, असंच बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं. ज्या विजयानंतर कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माकडे वळला, ती मिल्वियन पुलाची लढाई जिंकायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

रोम शहरात सरकारी धान्य मिळे, पण यादीत नावं मुख्यतः नागरिक पुरुषांची. निराधार विधवेने जायचं कुठे? २५१ च्या सुमाराचं बिशप कॉर्नेलियसचं एक पत्र सांगतं की रोमचं चर्च दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजूंना पोसत होतं. तेही कधी, तर सम्राट डेसियसने देवांना बळी दिल्याचा दाखला प्रत्येकाकडून मागितला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

गरिबांना पोसण्याच्या या कामामुळे लोक ख्रिस्ती मंडळींकडे ओढले जात, याची सगळ्यात भक्कम साक्ष विरोधकाची आहे. सम्राट जुलियनला जुने देव परत आणायचे होते. ३६२ च्या सुमारास त्याने गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला कळवळून लिहिलं, की हे गालीलकर (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणे) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही. मग त्याने देवळांमार्फत वाटायला गहू आणि द्राक्षारस मंजूर केला.

कॉन्स्टंटाइनचा वाटा मी नाकारत नाही. ३१३ मध्ये जप्त मालमत्ता परत मिळाली, पाद्र्यांना सवलती मिळाल्या, आणि फायद्यासाठी येणारेही आले. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती मत साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरवलं, पुढे बळी देण्यावर बंदी आली, देवळं बंद झाली. ती जबरदस्तीच होती आणि मी ती तशीच शिकवतो. पण सिर्ताच्या त्या जप्तीला तोवर सत्त्याहत्तर वर्षं उलटून गेली होती; म्हणजे गरिबांना आधार देण्याचं काम सम्राटांच्या पाठिंब्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.