तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ते लोक आपल्यात मिसळत का नाहीत?’

मी सामाजिक मानवशास्त्र शिकवते आणि अल्पसंख्य समाजांमध्ये जाऊन काम करते, हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. व्याख्यान संपल्यावर, प्रवासात, कधी फोनवर. ‘ते लोक’ कोण, हे दर वेळी बदलतं. प्रश्न मात्र तोच. विचारणारा बहुधा मनापासून विचारतो, म्हणून मीही नीट उत्तर देते.

आधी एक प्रसंग सांगते. कामाच्या पहिल्याच वर्षी मी एका घरी बसले होते. माझ्यासमोर आपल्या बोलीत बोलायची सवय व्हायला त्या घराला तीन महिने लागले होते. आजी नातवाला गोष्ट सांगत होत्या आणि तो हसून लोळत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या बाई आल्या होत्या, बहुसंख्य समाजातल्या, स्वभावाने अगदी चांगल्या. नातू सात वर्षांचा. त्याने बोलीतलं वाक्य अर्ध्यावर तोडलं आणि उरलेलं शाळेच्या भाषेत पुरं केलं. आजी गप्प झाल्या. बाई गेल्या, दार लागलं, आणि गोष्ट पुढे सुरू झाली. त्या पोराला हे कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं.

पुढे मानवशास्त्रज्ञ हॅराल्ड आयडहाइम यांचा उत्तर नॉर्वेतल्या किनाऱ्यावरच्या सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांवरचा लेख वाचला आणि ते दार पुन्हा डोळ्यांसमोर आलं. घरात, आपसांत सामी भाषा; परका आला की नॉर्वेजियन. घरं, कपडे, कामधंदा यांवरून कोण सामी हे सहज ओळखू येत नव्हतं. तुमच्या शब्दांत सांगायचं तर ते मिसळले होते. तरी ‘सामी’ हा शिक्का पुसला गेला नव्हता, म्हणूनच तर लपवालपवी. हा लेख १९६९ साली मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी संपादित केलेल्या संग्रहात आहे. त्या पुस्तकाने आमच्या विषयाची नजरच बदलली. समाज वेगळा राहतो तो त्याच्या चालीरीतींमुळे, असं तोवर धरून चाललेलं असे. बार्थ म्हणाले, सीमारेषेकडे बघा. चालीरीती बदलतात, माणसंही इकडची तिकडे जातात, रेषा मात्र टिकते. त्याच संग्रहात सुदानमधल्या दारफुरचं उदाहरण आहे. तिथला फूर शेतकरी गुरं वाढल्यावर बग्गारा पशुपालकांसारखा भटकू लागला, की हळूहळू बग्गाराच गणला जाई. आणि रेषा ओढणारे हात दोन्ही बाजूंना असतात, फक्त दोन्ही हातांत सारखं बळ नसतं.

बळाचं म्हणते ते ‘अल्पसंख्य’ या शब्दामुळे. तो ऐकून आपण डोकी मोजायला लागतो. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय प्रचंड बहुसंख्य होते, पण सर्वांना समान मताधिकार मिळाला तो १९९४ च्या निवडणुकीत. कुणाला वेगळं काढून वेगळं वागवलं जातं, हे आकड्यांवरून कळत नाही.

धर्माच्या बाबतीत मला स्पेन विसरता येत नाही. १५०२ साली तिथल्या कॅस्टिल राज्यातल्या मुसलमानांसमोर दोनच पर्याय ठेवले गेले: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पोरा-नातवंडांचा जन्मच ख्रिस्ती म्हणून झाला. पण त्यांना नाव पडलं ‘मोरिस्को’, आणि १६०९ पासून अवघ्या पाच वर्षांत सुमारे ३ लाख लोकांना हाकलून दिलं गेलं. त्याआधी, १४४९ मध्येच, तोलेदो शहरात ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या वंशजांना ‘रक्त शुद्ध नाही’ म्हणून अधिकारपदं नाकारली गेली होती. धर्म बदलला, तेव्हा रक्ताचा मुद्दा काढला! याहून जास्त मिसळायचं तरी किती?

म्हणून ‘का मिसळत नाहीत’ याचं माझं उत्तर असं आहे: बहुतेक वेळा ते मिसळायला निघालेले असतात, कित्येकदा मिसळलेलेही असतात, आणि त्याची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजलेली असते. नॉर्वेने सामी मुलांच्या शाळांतून त्यांची भाषा हटवली. आपल्याला जे सोसावं लागलं ते पोरांना नको, म्हणून कित्येक आईबापांनी घरातही ती बोलणं सोडलं. १९९७ मध्ये नॉर्वेच्या राजाने माफी मागितली, २०२४ मध्ये संसदेने. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण ज्या घरात ती भाषा बंद झाली, तिथे ती पुन्हा कोण बोलणार?

तो सात वर्षांचा मुलगा आता बाप झालाय. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीला ती गोष्ट सांगायची होती, पण बोलीतले शब्दच आठवेनात. माझ्या जुन्या वहीत मी ती आजींच्या तोंडून शब्दन् शब्द उतरवून घेतली होती. पानांचे फोटो काढून पाठवले. तासाभराने त्याचा पुन्हा फोन आला. दोन शब्दांचे उच्चार विचारायचे होते.