सिद्धेश्वर तलाव: पाण्यातलं अर्धं शिखर सापडलं

मागच्या खेपेला सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी मंदिर आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एका फ्रेममध्ये घेतलं होतं. वर शिखर जवळजवळ पूर्ण, पाण्यात मात्र त्याचा वरचा निम्मा भाग तेवढा, पुढच्या भिंतीवर आणून ठेवल्यासारखा. लेन्सवर संशय घेतला, कॅमेऱ्याच्या झुकावावर घेतला. दोष निघाला उंचीचा.

पाण्यात दिसतं ते आपल्या जागेवरून दिसणारं दृश्य उलटं केलेलं नसतं. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याखाली नेऊन वर बघितलं तर जे दिसेल, ते प्रतिबिंब. समजण्यापुरते आकडे घ्या: मंदिरापुढची भिंत ३ मीटर उंच, कॅमेऱ्यापासून ८० मीटरवर. शिखर तिच्या मागे ४० मीटर. कॅमेरा घाटाच्या वरच्या पायरीवर, पाण्यापासून ४ मीटर. थेट बघताना शिखराचा खालचा २.५ मीटर भाग झाकतो, पाण्यात ६.५ मीटर. हाच कॅमेरा ३० सेंमीवर आणला की ४.३५ आणि ४.६५. म्हणजे थेट दृश्यात थोडं गमावतं, पण वर-खाली जोडी जमते.

३० सेंमीवर ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा लावणं ही शुद्ध डोकेदुखी: कॅमेरा उलटा, बटणं खाली. त्यापेक्षा कॅमेरा टेकवायला ज्वारीची पिशवी. दीड किलो ज्वारी, पिशवी पाऊण भरलेली, म्हणजे लेन्स नीट रुतते. ज्वारीऐवजी थर्माकोलचे मणी भरले तर ते हलके, वाऱ्याने पिशवीच हलते. ज्वारी भिजली तर त्याच दिवशी कागदावर पसरा, नाहीतर बुरशी धरते.

खाली आल्यावर निर्माल्य थेट लेन्ससमोर. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ३५ मिमी लेन्स, छिद्र एफ/८, फोकस शिखरावर (पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, प्रतिबिंबाचं अंतर शिखराइतकंच धरायचं) ठेवला की साधारण साडेसात मीटरच्या अलीकडची झेंडूची फुलं मऊ पडतात. पडू द्या.

दोन स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड फिल्टर (फ्रेमचा वरचा भाग हळूहळू गडद करणारा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) मात्र कॅमेऱ्याच्या बॅगेतच राहू दे. पाण्याशी ५ अंशांच्या कोनात सुमारे ५८ टक्के उजेड परततो, म्हणजे प्रतिबिंब जेमतेम पाऊण स्टॉप गडद. त्यावर दोन स्टॉप चढवले की पाणी मंदिरापेक्षा उजळ, आणि फोटो खोटा दिसतो. तो फिल्टर २० अंशांच्या उतरत्या कोनाला; तिथे १३ टक्केच परततात. १० स्टॉपचा एनडी (सगळा उजेड कमी करून एक्स्पोजर लांबवणारा फिल्टर) हाही नको. तरंग पुसले जातात, पण कळसाच्या उभ्या रेघा होतात. सूर्योदयाआधीच्या निवांत पाण्यात १/६० सेकंदाचा शटर पुरतो.

पुढची खेप पाण्यालगतच्या खालच्या पायरीवर ठरली होती. पण हे लिहिताना गणित मांडलं: थेट आणि पाण्यातल्या झाकण्यातला फरक म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीच्या दुप्पट, गुणिले भिंत ते शिखर अंतर, भागिले भिंतीपर्यंतचं अंतर. मग पायरी उतरण्याऐवजी मागेच का सरकू नये? भिंत २०० मीटरवर गेली तर ४ मीटर उंचीवरूनही फरक १.६ मीटरच. थेट दृश्यही फारसं झाकत नाही. त्यामुळे पायरी रद्द, समोरचा काठ, ८५ मिमी लेन्स. मधल्या पाण्याचा पट्टा लांबतो, तरंग लागण्याची शक्यताही वाढते, म्हणून एकेका जागी २०-२५ फ्रेम. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) रोषणाईआधी एवढं जमलं पाहिजे.