पाणसळीतला बुडबुडा

"ताई, एकसुद्धा अंडं फुटलं नाही!" यवतमाळहून काकांचा फोन आला तेव्हा मी अंगणातच नाचायची बाकी होते. आमच्या भोरकडून कडकनाथची 24 फलित अंडी पहिल्यांदाच टपालाने इतक्या लांब गेली होती. खोक्यात भाताचं तूस ठासलेलं, प्रत्येक अंडं कागदात गुंडाळून निमुळतं टोक खाली. काकांनी त्याच संध्याकाळी ती उबवणीच्या मशीनमध्ये लावली. 21 दिवसांनी पिल्लं निघाली तीन.

काका एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्याच गोळा केलेल्या अंड्यांपैकी 11 मी घरी खुडूक कोंबडीखाली ठेवली होती, त्यातल्या 10 मधून पिल्लं निघाली. म्हणजे कोंबड्यात खोट नव्हती. वाटेतच काहीतरी झालं होतं.

जानेवारीत पुन्हा 24 पाठवली, पैसे न घेता. या वेळी खोक्यात खोकं, मधे फोमचा थर, आणि चार दिवसांपेक्षा जुनं अंडं एकही नाही. धुतलं तर एकही नाही. कवचावरचं नैसर्गिक आवरण गेलं की जंतूंना वाट मोकळी होते, हे मी ओरडून सांगते तरी लोक धुतातच.

पार्सल पोचल्यावर काकांना म्हटलं, "मशीनला हात लावू नका. खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी रुंद टोकाला धरा आणि मला व्हिडिओ पाठवा." व्हिडिओ बघून पोटात गोळा आला. रुंद टोकाकडची हवेची पोकळी एका जागी घट्ट बसलेली असते. इथे अंडं कलंडवलं की ती सरकत होती, गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी. गाडीच्या धक्क्यांनी आतला पापुद्रा सुटला होता. बाहेरून कवच अगदी धड.

"रुंद टोक वर करून ट्रेमध्ये उभी ठेवा. उद्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाहीत."

"अगं, मशीन 37.5 वर तापून बसलंय!"

"बसू दे, काका."

रात्रीत त्यांचे तीन फोन आले. दुसऱ्या दिवशी अंडी तशीच उभी मशीनमध्ये गेली, पण फिरवणी पहिले तीन दिवस बंद. मग हलकेच, थोडी थोडी तिरपी. आडवी करायचीच नाहीत. हे तीन दिवस मला स्वतःलाच जड गेले, कारण फिरवलं नाही तर गर्भ कवचाला चिकटायची भीती असते. पण सुटलेली पोकळी आधी स्थिर होऊ देणं मला जास्त गरजेचं वाटलं.

सातव्या दिवशी व्हिडिओत 17 अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. अठराव्या दिवशी फिरवणी थांबवून ओलावा वाढवला.

विसाव्या रात्री साडेअकराला फोन वाजला. काका काहीच बोलेनात. फोन मशीनजवळ धरला होता, आणि बंद कवचातून बारीक चिवचिव ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत 14 काळी पिल्लं बाहेर आली होती.