शिंजुकूतले सात खुर्च्यांचे बार

टोकियोत शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत यासुकुनी-दोरी हा रुंद रस्ता लागतो. तो ओलांडला की समोर काबुकिचो या रात्रभर जागणाऱ्या भागाचा झगमगाट. तिथे न रेंगाळता मी उजवीकडे, शिंजुकू वॉर्ड ऑफिसच्या पुढे जातो आणि शिकी-नो-मिची या झाडांच्या पायवाटेला लागतो. ही वाट उगाच वळणं घेत नाही. पूर्वी इथून ट्राम जायची, रूळ काढले आणि त्याच वळणावर पायवाट केली. तिच्या कडेला गोल्डन गाइ या चिमुकल्या बारांच्या वस्तीच्या गल्ल्या सुरू होतात. मेट्रोने येणार असाल तर शिंजुकू-सानचोमे स्टेशनचं ई२ दार धरा. बाहेर आलात की हानाझोनो देवस्थान लागतं आणि त्याच्या पाठीमागेच हा सगळा पसारा आहे.

पसारा म्हणायचा, पण जागा अगदी इवलीशी. मोजक्या बोळांत दाटीवाटीने उभी लाकडी दुमजली घरं आणि त्यांत दोनशेहून जास्त बार. एकेका बारला साडेतीन-साडेचार त्सुबो जागा. एक त्सुबो म्हणजे साधारण ३५ चौरस फूट, म्हणजे अख्खा बार सव्वाशे ते एकशे साठ चौरस फुटांत बसवलेला. मुंबईच्या बीडीडी चाळीतली एक खोली १६० चौरस फुटांची असते, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्यात एक काउंटर, सहा-सात उंच खुर्च्या, मागे बाटल्यांचं फडताळ आणि त्या दोहोंच्या मध्ये जेमतेम उभा राहू शकेल असा एक माणूस. बहुतेक ठिकाणी मालक, बारटेंडर आणि भांडी घासणारा तो एकटाच.

ही घरं अशी का, याचं उत्तर १९४९ मध्ये सापडतं. युद्धानंतर शिंजुकू स्टेशनसमोर काळा बाजार भरायचा. जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याच्या आदेशावरून तिथले ठेले हलवले गेले आणि त्यांतले बरेचसे इथे आले. खाली दारू आणि वर बेकायदा वेश्याव्यवसाय अशी पुढची काही वर्षं गेली. वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५८ मध्ये पूर्ण लागू झाला, वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि त्यांचेही बार झाले. म्हणूनच इथे एकाच घरात दोन बार दिसतात. एक रस्त्यालगत, आणि दुसरा शेजारच्या अरुंद दारातून वर जाणाऱ्या शिडीवजा जिन्याच्या टोकाला. ऐंशीच्या दशकात जमिनींचे भाव भडकले तेव्हा दलालांनी ही जागा मोकळी करून घेण्यासाठी फार जोर लावला, संशयास्पद आगीही लागल्या. मालकांनी रात्रीची गस्त घातली आणि जागा सोडली नाही. २००० मध्ये ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचा कायदा आला. जागा कायमची अडकून पडेल ही भीती गेल्यावर जुन्या मालकांनी तरुणांना गाळे द्यायला सुरुवात केली. आज दिसणारे नाना तऱ्हेचे बार बरेचसे त्यानंतरचे आहेत.

इथला प्रत्येक नियम त्या सात खुर्च्यांतून निघतो. ते एकदा ध्यानात आलं की वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

आधी माणसं. दोघं असाल तर उत्तम, एकटे असाल तर त्याहून उत्तम. चौघं गेलात तर निम्मा बार तुम्हीच भरता, आणि मालकाला रोजच्या गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागतं. चौघं असाल तर दोन-दोन जण वेगळ्या बारमध्ये बसा आणि तासाभराने गल्लीच्या तोंडाशी भेटा. पाठीवरची सॅक आणि चाकाची बॅग स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकून या. काउंटर आणि मागची भिंत यांच्यात एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच वाट असते. तुम्ही वळलात की सॅकचा धक्का शेजाऱ्याच्या ग्लासालाच बसतो.

मग दार. आधी दारावरचे कागद वाचा, भाषांतराचं अॅप त्यासाठीच आहे. ‘काइइनसेई’ लिहिलं असेल तर बार सभासदांसाठी आहे, पुढे चला. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. तीस वर्षं येणाऱ्या लोकांसाठी ठेवलेल्या त्या सात जागा आहेत. बरेच बार ‘चार्ज’चा आकडा दारावरच लावतात, इंग्रजीतही. दार थोडंसं उघडा, आत पाऊल टाकू नका, बोटांनी माणसं दाखवा आणि विचारा, ‘फुतारी देसु, दाइजोबु देसु का?’ म्हणजे दोघं आहोत, चालेल का? मालकाने मान डोलावली तर आत. दोन्ही हातांची फुली करून दाखवली तर जागा नाही. रिकामी खुर्ची दिसत असूनही फुली येते, कारण कोणीतरी निघालोय म्हणून कळवलेलं असतं. वाद घालू नका, शेजारचं दार तीन फुटांवर आहे.

आता पैसे. सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो आणि तो सहज टाळता येतो. चार्ज म्हणजे खुर्चीचं भाडं, माणशी साधारण ५०० ते १५०० येन. सात खुर्च्यांच्या धंद्यात फक्त ग्लासांवर भाडं निघत नाही, म्हणून तो घ्यावाच लागतो. त्यासोबत बहुधा एक छोटी वाटी येते, तिला ‘ओतोशी’ म्हणतात. आपल्याकडचा चकणाच, फक्त न मागता येणारा आणि पैसे लागणारा. नको म्हणून परत केलीत तरी चार्ज सुटत नाही. पेयं ७०० ते १००० येनच्या घरात. एका बारमध्ये चार्ज १००० आणि ८०० ची दोन पेयं धरली तर २६०० येन होतात, तीन बारचे सात-आठ हजार. शंभर येनचे पंचावन्न-साठ रुपये धरून हिशोब करा. दारावर आकडा नसेल तर बसण्याआधी ‘चाजि वा इकुरा देसु का?’ असं विचारा, कोणालाही राग येत नाही. रोख पैसे हवेतच, आणि तेही हजाराच्या नोटांत. दहा हजारांची नोट पुढे केलीत तर तो एकटा माणूस सुटे कुठून आणणार? टीप देऊ नका. उरलेले सुटे काउंटरवर ठेवून निघालात तर तो ते द्यायला गल्लीत धावत येईल.

मागवायला काय? कुठलाही नवा बार असो, मी आधी हायबॉल म्हणजे व्हिस्की-सोडा घेतो, कारण त्यात बारटेंडरचा हात दिसतो. नीट बघा. ग्लास काठोकाठ बर्फाने भरतात आणि लांब चमच्याने ढवळून ग्लासच गार करतात. सुटलेलं पाणी ओतून टाकतात. मग व्हिस्की घालून पुन्हा ढवळतात आणि खाली बसलेल्या बर्फावर नवा बर्फ चढवतात. शेवटी व्हिस्कीच्या तिप्पट-चौपट सोडा, तोही बर्फावर न आदळता कडेने. बर्फावर आदळला की गॅस उडतो आणि पेय मिळमिळीत होतं. सोडा पडल्यावर चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलायचा, गरगर फिरवायचा नाही. दीड हात अंतरावर बसून हे बघायला मिळतं, हा या बारांचा मोठा फायदा. बिअर बाटलीत असते. शोचू या जपानी दारूत लिंबू-सोडा घालून केलेलं लेमन सावर आणि ऊलाँग चहात घातलेली शोचू जवळपास सगळीकडे मिळते. खास कॉकटेल मागू नका, तेवढी सामग्री ठेवायला जागाच नसते.

मागच्या फडताळावर गळ्यात नावाची पट्टी अडकवलेल्या बाटल्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. नेहमीचं गिऱ्हाईक अख्खी बाटली विकत घेऊन ठेवतं आणि आलं की त्यातून पाणी-बर्फ घालून पितं. त्यांना हात लावायचा नाही, आणि त्यांचा फोटोही विचारल्याशिवाय काढायचा नाही. माणसांचा तर मुळीच नाही. गल्ल्यांतही फोटो आणि व्हिडिओवर बंधनाच्या पाट्या आहेत, त्या पाळा. ग्लास घेऊन बाहेर येऊन गल्लीत पिणंही चालत नाही.

दर अर्ध्या-पाऊण तासाला एक पेय असा अंदाज ठेवा. दुसरं संपलं, बाहेरून कोणी डोकावतंय आणि खुर्च्या भरलेल्या आहेत, तर उठायची वेळ झाली. ‘ओकाइकेइ ओनेगाइ शिमासु’ म्हटलं की चिठ्ठीवर आकडा येतो. एका बिअरवर तीन तास काढणारा प्रवासी मालकाला परवडत नाही. इथल्या काही दारांवर परदेशी लोकांबद्दल जो सावधपणा दिसतो, त्याचं मूळ मला तरी बरंचसं यातच दिसतं.

शाकाहारी मंडळींनी जेवूनच यावं. ओतोशीत मासळीच्या रसात शिजवलेली भाजी हमखास असते. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ म्हणजे मांस-मासे खात नाही, असं बसतानाच सांगितलं तर बऱ्याचदा शेंगदाणे मिळतात. गोल्डन गाइतलं नागी हे रामेनचं, म्हणजे रस्स्यातल्या नूडल्सचं दुकान प्रसिद्ध आहे, पण त्याचा रस्सा सुकवलेल्या लहान मासळीचा. मासे खाणाऱ्याने मात्र तो उभा जिना चढून ते खावंच.

धूर हा अनेकांना न झेपणारा भाग. एप्रिल २०२० पासून टोकियोत खाण्यापिण्याच्या जागी आत धूम्रपानाला बंदी आहे, पण ज्या लहान जुन्या दुकानात पगारी नोकर नाहीत तिथे मालकाला मुभा आहे. इथले बार एकट्या मालकाचे, म्हणून नेमके हेच सुटले. दमा असेल तर दारावर धूम्रपान नाही अशी खूण शोधा, तसेही बार आहेत. आणि वीस वर्षांखालच्यांना जपानात दारू मिळत नाही. चेहरा कोवळा असेल तर पासपोर्ट जवळ असू द्या.

विषय घेऊन सजवलेले बार याच गल्ल्यांत भरपूर आहेत. ‘ला ज्यते’ हा १९७४ पासूनचा सिनेमावाल्यांचा बार. नाव क्रिस मार्कर यांच्या १९६२ च्या लघुपटावरून घेतलेलं. तिथे सिनेमावर बोलता येत असेल तर जा, नुसतं बघायला जाऊ नका. ‘डेथमॅच इन हेल’मध्ये भयपट आणि हेवी मेटल, आणि प्रत्येक पेय ६६६ येन ही त्याची ओळख. ‘अल्बाट्रॉस’ त्यातल्या त्यात ऐसपैस. झुंबरं, लाल भिंती आणि वर चढत जाणारे मजले. पहिल्यांदा येणाऱ्याला मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. परदेशी माणसांची सवय आहे, आणि उभ्या जिन्याची सवय आपल्यालाही होते. उतरताना दांडा धरून, शिडीवरून उतरतो तसं तोंड पायऱ्यांकडे करून उतरा. दोन हायबॉलनंतर हे फार कामाला येतं.

गोल्डन गाइबाहेर दोन ठिकाणं मला मनापासून आवडतात. योत्सुयाजवळ आराकिचो या भागात ‘बोझू बार’ आहे. तिथे काउंटरमागे बौद्ध भिक्षू उभे असतात, रात्री सूत्रपठण आणि छोटंसं प्रवचन होतं, आणि पेयांना सुखावती (बौद्धांचा स्वर्ग) आणि नरकांची नावं आहेत. हे सोंग नाही, भिक्षू खरे आहेत. पठण चालू असताना गप्पा थांबवायच्या. दुसरा निहोनबाशीतला ‘किहा’. डिझेलवर धावणाऱ्या साध्या वर्गाच्या डब्याला जपानी रेल्वेत जी खूण असते, तेच त्याचं नाव. वरच्या मजल्यावर लोकल गाडीसारखी बाकं आणि लटकत्या कड्या, पिण्याला काचेच्या कपातली साके ही तांदळाची दारू आणि खायला डबाबंद पदार्थ. रेल्वेवेडे जपानी शेजारी बसतात आणि भारतातल्या गाड्यांबद्दल तुम्हालाच विचारत राहतात. मुंबईच्या लोकलचे फोटो फोनमध्ये असतील तर जपून ठेवा.

वार बघून जा. रविवारी बरेच बार बंद, शुक्रवार-शनिवारी खुर्ची मिळणं कठीण. सोमवार ते बुधवार, रात्री आठ-साडेआठला पोचलात तर मालकाला बोलायला वेळ असतो. अकरानंतर नेहमीची मंडळी येतात. नोव्हेंबरात हानाझोनो देवस्थानात तोरी-नो-इची ही जत्रा भरते त्या रात्री गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

सगळ्यात महत्त्वाचं, काबुकिचोच्या रस्त्यावर कोणी लाघवीपणे ‘फक्त तीन हजारांत हवं तेवढं प्या’ म्हणत सोबत चालू लागला तर त्याच्यामागे जायचं नाही. मग तो कितीही चांगलं इंग्रजी वा हिंदी बोलो. लाउडस्पीकरवरून तीच सूचना सतत चालू असते. अशा ठिकाणी बिल दहा-वीस पटींनी फुगतं, आणि पेयात गुंगीचं औषध घालून कार्ड वापरल्याचेही प्रकार झाले आहेत. अडकलात तर सही करू नका, पिन देऊ नका, ११० ला फोन लावा किंवा जवळची पोलीस चौकी गाठा. गोल्डन गाइच्या मालकाला मात्र गिऱ्हाईक ओढायला माणूस ठेवायची गरज पडत नाही, त्याच्याकडे सातच तर खुर्च्या आहेत.

शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर लवकरच जाते, पण तुमच्या मार्गावरची नेमकी वेळ आधीच बघून ठेवा, कारण मध्ये गाडी बदलायची असेल तर ती पाऊण तास आधीच चुकते. टॅक्सीला रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जादा भाडं पडतं. हॉटेल शिंजुकूतच घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही. नाहीतर पहिली गाडी साडेचारच्या सुमारास असते आणि तोवर उघडे राहणारे बार याच गल्ल्यांत आहेत, फक्त प्रत्येक नव्या खुर्चीला नवा चार्ज लागतो.