बोटीची पट्टी माघातच बदला

आमच्या सोसायटीच्या रबरी बोटीला या आठवड्यात नवी पट्टी लागली. फुगवलेल्या नळीचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो, त्यावर नाकापासून मागपर्यंत जाड रबरी पट्टी चिकटवलेली असते, ती. बोट कुठेही टेकली, घासली की पहिला मार ही पट्टी खाते. ती सुटली तर मार थेट नळीच्या कापडावर येतो.

31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला. त्यानंतर आम्ही करेलीबागेतल्या काही घरांनी वर्गणी काढून ही सव्वाचार मीटरची जुनी बोट घेतली. पट्टी तेव्हाच जीर्ण होती, म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडून नवी लावून घेतली. त्याने ती चपला-बुटांच्या सोल्यूशनने चिकटवली होती. ते कळायला ऑगस्ट 2024 उजाडावा लागला. विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी 35 फुटांच्या वर गेली आणि बोट खरी पाण्यात उतरली.

गावातला पूर आणि नदीतली नौकानयनाची मजा यांचा काही संबंध नाही. गल्लीतल्या पाण्यात बोट सारखी कशाला ना कशाला घासत असते. कंपाउंडच्या भिंतीवर बसवलेल्या काचा, गेटचे भाले, बुडालेल्या स्कूटरचे आरसे, काटेरी तार. मागच्या गल्लीतल्या एका आजींना जिन्याच्या खिडकीतून उतरवत होतो. त्यांनी आधी स्टीलच्या डब्यात देव्हाऱ्यातले देव दिले, मग औषधांची पिशवी, मग चष्मा, आणि मग स्वतः यायला तयार झाल्या. तेवढा सगळा वेळ बोट छज्ज्याच्या खरबरीत सिमेंटवर वर-खाली होत राहिली. नाकाजवळची पट्टी हातभर सुटून लोंबत होती. घरी आणून पाहिले तर तिथल्या नळीवरचे रबर झिजून आतल्या कापडाचे धागे दिसायला लागले होते. आणखी तासभर गेला असता तर तो कप्पा फुटला असता. खालच्या पाण्यात मगरी असताना ही गोष्ट किती गंभीर आहे, हे बडोदेकरांना मी सांगायला नको.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका रबराच्या कारखान्यात मी बरीच वर्षे तपासणी खात्यात काढली. त्यामुळे हे काम आपणच करायचे हे ठरवून टाकले. धाग्यांवर ठिगळ तेव्हाच लावून घेतले होते. पट्टीसाठी मात्र मी मुद्दाम थांबले. का, ते पुढे सांगते.

आधी बोट कशाची आहे ते ओळखा, कारण सोल्यूशन त्यावर ठरते. पीव्हीसीच्या बोटीला दोन भागांचे (म्हणजे सोल्यूशन आणि त्यात ऐनवेळी मिसळायचा हार्डनर) पॉलियुरेथेन लागते, हायपालॉन या कृत्रिम रबराच्या बोटीला दोन भागांचे निओप्रीन. उलटसुलट केले तर पट्टी टिकत नाही. हवेचा व्हॉल्व्ह काढून आत टॉर्च मारा. पीव्हीसी आतूनबाहेरून सारखेच चकचकीत दिसते. हायपालॉन बाहेरून मंद असते आणि आतला थर बहुधा काळा, निओप्रीनचा. तरीही शंका असेल तर न दिसणाऱ्या जागी एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या द्रावकाचा थेंब लावून पाहा. पीव्हीसी लगेच चिकट होते. आमची बोट हायपालॉनची निघाली. (ड्युपाँटने हायपालॉन बनवणे 2010 मध्ये बंद केले. आता तोच माल सीएसएम या नावाने मिळतो, तेव्हा दुकानात तसे विचारा.)

जुनी पट्टी काढायला हीट गन, पकड आणि बोथट पुट्टीपात्याची गरज असते. घाई अजिबात नको. पट्टी सरळ वर ओढली तर तिच्याबरोबर नळीचे रबरही उचकटून येते. ती मागे दुमडून, नळीला जवळजवळ लागून ओढायची आणि गरम हवा नेमकी सुटत्या रेघेवर ठेवायची. उष्णतेने आतली हवा फुगते, म्हणून नळी निम्मीच भरलेली ठेवावी. खाली राहिलेले सोल्यूशन टोल्युइन या द्रावकात भिजवलेल्या फडक्याने चोळले की गोळ्या होऊन निघते.

आता मुहूर्ताचे. आमच्याकडे सगळे जण बोट बाहेर काढतात ती जूनमध्ये, आभाळ भरून आल्यावर. पट्टी लावायला त्याहून वाईट वेळ नाही. सोल्यूशनमधले द्रावक (त्याला पातळ ठेवणारे रसायन) उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. हातावर स्पिरिट लावले की गार लागते, तसेच हे. गार झालेल्या त्या थरावर हवेतली वाफ जमते, डोळ्यांना दिसतही नाही, आणि पट्टी रबराऐवजी पाण्यावर बसते. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ते पाण्याशीच अभिक्रिया करून तिथेच संपते. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या खाली असताना काम करावे असे मी म्हणेन. मे महिन्यात हवा कोरडी असते, पण 42 अंशांत वरची साय इतक्या झटपट धरते की आतले द्रावक अडकून राहते. म्हणजे आपल्याकडे उत्तरायण उरकल्यापासून होळीपर्यंतचा काळ उरतो. त्यातही सकाळी दहानंतर, दव पूर्ण सुकल्यावर. भिंतीवर टांगायचा दमटपणा मोजणारा काटा स्वस्तात मिळतो, तो जरूर घ्या.

पार्किंगच्या मोकळ्या जागेत बोट तीन पीएसआयपर्यंत भरली. पट्टी भरलेल्या बोटीवरच लावायची, म्हणजे नळीच्या गोलाईवर ती नीट बसते. नव्या पट्टीचे वेटोळे दोन-तीन तास उन्हात पसरून ठेवले, नाहीतर तिचा पीळ जात नाही. पट्टीची पाठ गुळगुळीत येते, कारण साच्यातून सुटावी म्हणून कारखान्यात तिला काही ना काही लावलेले असते. हीच जागा सगळ्यात दगा देते. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासली. नळीवर मास्किंग टेपने दोन रेघा आखून मधली जागा हलक्या हाताने घासली, धागे दिसू न देता. मग पांढऱ्या सुती फडक्याने टोल्युइनचा हात. फडके काळे येणे थांबेपर्यंत.

सोल्यूशन शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम हार्डनर, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून, काचेच्या बरणीत. थर्मोकोलचा कप टोल्युइनने विरघळतो. तोंडाला कार्बनचा मास्क आणि जवळपास कुणाची विडी नाही, एवढे पाहा. शेजारच्या भाऊकाकांनी तर पार्किंगच्या तोंडाशी खुर्चीच टाकली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होते.

पहिला हात पातळ मारला.

"आत्या, आता लावायची?" भाचा दहा मिनिटांतच विचारायला लागला.

"नाही रे राजा, अर्धा तास होऊ दे. मग दुसरा हात."

दुसऱ्या हातानंतर बोटाची मागची बाजू टेकवून पाहायची. ओढ जाणवली पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. तो क्षण आला की नाकाच्या मध्यापासून सुरुवात करून एक जण डावीकडे, एक जण उजवीकडे. पट्टी ताणायची नाही, नुसती ठेवत जायची. ताणून लावलेली पट्टी पुढे आखडते आणि टोकांशी सुटते. दोन्ही बाजूंचे थर एकदा भिडले की सरकवता येत नाहीत, म्हणून भाचा पट्टी आणि नळी यांच्यामध्ये ठेवलेला कागद हातभरच काढत होता आणि मी मागून लोखंडी रोलर दाबत होते, मधून कडांकडे, हवेचा बुडबुडा राहणार नाही असा. नाकाच्या वळणावर मनगटे भरून आली. तिथे आम्ही भरपूर वेळ दिला, कारण पुरात सगळ्यात आधी टेकते ते नाकच.

त्याच बरणीतल्या सोल्यूशनने पट्टीचा एक तुकडा जुन्या कापडाच्या तुकड्यावर चिकटवून ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी पकडीने ओढला. जोड उघडला नाही, कापडावरचे रबर फाटले. माझ्या मते हीच खरी परीक्षा. दुरुस्ती बाहेरून करून घेणार असाल तर असा तुकडा मागून घ्या आणि तुमच्या हाताने ओढून पाहा.

पहिला दिवस बोटीला हात लावला नाही. पुरती पकड यायला आठवडा द्यावा लागतो. तो झाला की तीन पीएसआय हवा रात्रभर ठेवून साबणाचे पाणी फिरवणार आहोत, कडांवर आणि ठिगळावर दोन्हीकडे. साडेनऊ मीटर लागली, दहा आणली होती. उरलेली अर्धा मीटर शंखजिरे लावून सपाट ठेवली आहे, गुंडाळून नव्हे. हार्डनरची उघडलेली बाटली मात्र जपून ठेवू नका, दमट हवा लागली की ती वाया जाते. पुढच्या वेळी नवीच आणा, छोटी.