बावन्न सेंटीमीटर

बारावीच्या दुसऱ्या बॅचची जर्नलं तपासत होतो. एकोणीस सह्या झाल्या. विसाव्या जर्नलातल्या उत्तराभोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'उत्तर चूक. प्रयोग पुन्हा करा.'

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी फिजिक्स शिकवतो. प्रयोग मीटर ब्रिजचा होता, दिलेल्या तारेची रोधकता, म्हणजे तिचा धातू विजेला किती अडवतो ते, काढण्याचा. ज्यांनी बारावी सायन्स केलंय त्यांना ती लाकडी फळी आठवत असेल. फळीवर मीटरभर ताणलेली तार, एका गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्स, दुसऱ्यात आपली अनोळखी तार. जॉकी, म्हणजे हातातला धातूचा टोकदार तुकडा, ताणलेल्या तारेवर टेकवत टेकवत पुढे जायचं आणि गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे वीजप्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर आला की तिथली लांबी वाचायची; तोच नल पॉइंट. दोन्ही बाजूंच्या लांबीचं जे गुणोत्तर, तेच दोन्ही रोधांचं. मग स्क्रू गेजने तारेचा व्यास घ्यायचा आणि सूत्रात घालायचा.

अनोळखी तारेखाली चिठ्ठी होती, 'कॉन्स्टंटन, ५० सेंमी'. कॉन्स्टंटन म्हणजे तांबं आणि निकेलचा मिश्रधातू. फळ्यावर मीच लिहून ठेवलं होतं की उत्तर ४.९ गुणिले टेन रेज टू मायनस सेव्हनच्या आसपास यायला हवं. मुलांना दिशा असावी म्हणून. दर वर्षी लिहितो.

एकोणीस जर्नलांत बॉक्समधला रोध २ ओहम, नल पॉइंट ५२ सेंटीमीटर, कुठे ५१.८, कुठे ५२.१, आणि उत्तर ४.८ ते ५.० च्या मध्ये. विसाव्यात त्याच २ ओहमला नल पॉइंट ७०.८. उत्तर ११, घात तोच. शेवटच्या टेबलावरची मुलगी. वर्गात फारसं न बोलणारी. तिच्याच टेबलावरच्या बाकीच्या तिघांचं मात्र ५२.

दुसऱ्या दिवशी ती जर्नल घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आली.

"सर, पुन्हा केलं तरी तेच येईल."

"म्हणजे?"

"मी तीनदा केलंय. गॅप बदलूनपण केलंय. तेव्हा २९.१ आलं."

खरं सांगायचं तर राग आला. पण २९.१ ऐकून जरा थांबलो. अनोळखी तार आणि बॉक्स यांची अदलाबदल केली की नल पॉइंटही आरशातल्यासारखा पलीकडे जायला हवा. ७०.८ आणि २९.१ यांची बेरीज ९९.९. थापा मारणारा मुलगा इथवर जात नाही, आणि गेलाच तर बेरीज बरोबर १०० करतो.

लॅबमध्ये गेलो. आधी वाटलं, सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास घातला असेल. पण मग उत्तर चौपट यायला हवं, हे तर सव्वादोन पट. व्यास मोजायला चुकली असेल? त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणजे व्यासात दीडपट चूक हवी. तिने लिहिला होता ०.३८ मिलिमीटर, तो ०.२५ असायला हवा होता. झीरो एररमध्ये, म्हणजे गेजच्या शून्याच्या फरकात, इतकं जात नाही. तरी मी स्वतः तीन ठिकाणी स्क्रू गेज लावला. ०.३८. मग राहिलं सैल कनेक्शन. टोकं पॉलिश पेपरने घासली, रेझिस्टन्स बॉक्सच्या खुंट्या फिरवून घट्ट बसवल्या. पुन्हा ७०.८. बॉक्समध्ये ५ ओहम लावले, म्हणजे काटा मध्यावर यावा आणि चूक कमीत कमी राहावी. ४९.२ आले. रोध तोच, ४.८५ ओहम. कॉन्स्टंटन असती तर २.१६ ओहमच्या पुढे जायला नको होता.

ती बाजूला उभी राहून नुसती बघत होती. एकदाही 'बघा' म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

तेवढ्यात लॅबचे मामा आले. टोकांवर नजर टाकून म्हणाले, "सर, तिला सोल्डर नाही लावलेलं. लागतच नाही तिला. म्हणून नुसती पिळून स्क्रूखाली दाबलीय."

"कोणाला लागत नाही?"

"हीटरच्या तारेला."

शनिवारी, पहिल्या बॅचनंतर, मामांनी पाचही फळ्यांच्या गॅपमधल्या अनोळखी तारा बदलल्या होत्या. पहिल्या बॅचने पिळून पिळून जुन्यांना गाठी पाडल्या होत्या. कॉन्स्टंटनचं रीळ संपलेलं, म्हणून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून हीटरची कॉइल आणली, खिळ्याला अडकवून ओढून सरळ केली, कापली. चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या. जाडी साधारण तीच, रंगही पांढराच, जरा मळकट. हीटरची तार म्हणजे नायक्रोम, निकेल आणि क्रोमियम. कॉन्स्टंटनमध्ये तांबं निम्म्याहून जास्त, म्हणून तिला सोल्डर सहज धरतं. मामांना रोधकता म्हणजे काय ते माहीत नाही. पण कोणत्या तारेला सोल्डर धरत नाही हे त्यांचे हात जाणतात. आणि नायक्रोमची रोधकता किती? ११, घात तोच.

म्हणजे पहिल्या बॅचचं ५२ खरं होतं. दुसऱ्या बॅचमधल्या एकोणीस जणांनी काटा ५२ वर शून्य दाखवतो असं लिहिलं होतं, आणि त्या तारेवर तो ५२ वर शून्य दाखवणं शक्यच नव्हतं. त्या सगळ्यांखाली माझी सही होती, तारखेसकट.

गुरुवारच्या प्रॅक्टिकलला काही न सांगता सगळ्यांना मीटर ब्रिजवर बसवलं. फळा आधीच पुसून टाकला होता. तिसऱ्या टेबलावरच्या एकाला म्हणालो, "तुझं ५२ आलं होतं ना? टेकव बघू जॉकी ५२ वर." त्याने टेकवला. काटा सपकन एका कडेला जाऊन आदळला. त्याने जॉकी उचलला, पुन्हा टेकवला, जरा हळूच, जणू हळू टेकवल्याने काही फरक पडेल. पुन्हा तेच. मग तो आपणहून पुढे सरकू लागला. ५५, ६०, ६५. ७१ च्या अलीकडे काटा मध्यावर येऊन थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

कोणाला बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? दर वर्षी उत्तर आधी फळ्यावर लिहिणारा मीच. आणि फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक तीस गुणांची प्रॅक्टिकल घ्यायला येतात, तेव्हा 'आमच्या मुलांचे रीडिंग छान येतात' असं चहा देताना म्हणणाराही मीच.

एकोणीस सह्यांवर काट मारली. तिच्या जर्नलमधला लाल गोल मात्र व्हाइटनरने झाकावा लागला, आणि तो जरा जाडच बसला. सही करायला पान उलटलं तर साहित्याच्या यादीत तिने 'कॉन्स्टंटन'वर एक आडवी रेघ मारून पुढे 'नायक्रोम' लिहिलं होतं. आणि कंसात, बारीक अक्षरात, 'मामांनी आणलेली'.

सही केली.